पत्तीच्या आधी पाणी

विदर्भातल्या कुठल्याही गावात चहा बिघडला की पहिला संशय पत्तीवर येतो. दुकानदारानं पत्ती बदलली असेल, पुडा जुना असेल, बाजारातली सुटी पत्ती भेसळीची असेल. "कायचा च्या हाय हा, पानीच हाय नुसतं," असं म्हणत कुणीतरी बशी खाली ठेवतं, आणि त्या बोलण्यात पुष्कळदा अचूक निदान असतं. दोष पाण्याचाच असतो.

दुधाच्या चहातही, दुधातलं पाणी धरलं तर, दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. तरी कडक की फिका, दाणेदार की बारीक, आसाम की दार्जिलिंग असा वाद रंगतो तेव्हा पाण्याचं नाव कुणी घेत नाही. माझं मत याबाबत ठाम आहे. गावाकडच्या चहाची चव आधी पाण्यावर ठरते, मग दुधावर, मग गंज, म्हणजे चहाचं पातेलं, किती वेळ चुलीवर राहिला यावर. पत्तीचा नंबर त्यानंतर लागतो. आवडीनिवडीतले बरेचसे फरक या पहिल्या तीन गोष्टींतून आलेले असतात. अकोट-दर्यापूरकडच्या माणसाला गोंदियाकडचा चहा हलका वाटतो आणि गोंदियाच्या माणसाला इकडचा काळपट वाटतो, यात जिभेपेक्षा जमिनीचा वाटा मोठा आहे.

पश्चिम विदर्भाची काळी जमीन बेसाल्ट खडकातून झालेली. तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात आणि विहिरीच्या पाण्यात तो चुना उतरतो. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्या पाण्यात चहाही खुलत नाही. गावातल्या बायकांना कुठल्या विहिरीचं पाणी डाळीला चालतं ते पक्कं ठाऊक असतं. चहालाही तेच पाणी आणावं, याहून सोपी परीक्षा नाही. जड पाण्यातले बायकार्बोनेट पाण्याला अल्कधर्मी करतात. चहाचा तजेला, जिभेवर येणारी ती लख्ख धार, थिआफ्लेविन नावाच्या द्रव्यांमुळे येते; गडद रंग आणि भरीवपणा थिआरुबिजिन देतात. अल्कधर्मी पाण्यात रंग झपाट्यानं गडद होतो आणि धार मरते. म्हणजे कपात दिसायला चहा कडक आणि प्यायला बोदा. रंग काळा आला म्हणून चहा कडक झाला, ही आपल्याकडची सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. काही ठेल्यांवर चिमूटभर खायचा सोडा टाकून कमी पत्तीत रंग काढतात, तो याच गुणावर. असा चहा घशाखाली उतरताना साबणासारखा गुळगुळीत लागतो आणि मागे काहीच उरत नाही.

कोरा चहा केला की जड पाणी लगेच उघडं पडतं. पाच मिनिटांत कपावर तपकिरी, तेलकट दिसणारी साय धरते आणि चमच्यानं हलवली की तिचे तुकडे होतात. ते तेल नसतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेशी येऊन तयार झालेला तो पापुद्रा असतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की तो धरत नाही आणि रंगही एकदम उजळतो, कारण आम्लात थिआरुबिजिनचा रंग फिका पडतो.

अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या काठानं खारपाणपट्टा गेला आहे. तिथलं भूजल खारं. अशा पाण्याचा चहा कितीही साखर घातली तरी मागून मचूळ लागतो, आणि दूध थोडं शिळं असेल तर हमखास फाटतो. इथे एक फरक ध्यानात ठेवावा. चुन्याचा जडपणा उकळून बराच जातो: पाणी दहा मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून थंड होऊ द्यायचं, तळाला बसलेला पांढरा थर न हलवता वरचं पाणी ओतून घ्यायचं. खारेपणा मात्र उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं. खाऱ्या पाण्याला नळयोजनेचं पाणी, फिल्टरची कॅन किंवा पावसाचं पाणी हेच उत्तर आहे. पहिल्या दोन-तीन सरींनी छत धुऊन निघालं की नंतरचं पागोळ्यांचं पाणी स्वच्छ कपड्यातून गाळून धरावं आणि नीट उकळून त्याचा कोरा चहा करावा. तीच पत्ती, तेवढीच पत्ती, पण कपात तांबूस, पारदर्शक चहा दिसतो. फिल्टरचं पाणी मात्र कधी कधी फारच हलकं असतं. त्यात पत्तीचा तुरटपणा टोचतो. विहिरीचं पाणी गोडं असेल तर अर्धं ते आणि अर्धं फिल्टरचं, हे मिश्रण मला सर्वांत चांगलं वाटतं.

बोअरच्या पाण्याची आणखी एक तऱ्हा. काही बोअरच्या पाण्यात लोह असतं. चहातली तुरट द्रव्यं लोहाशी मिळाली की निळसर काळा रंग येतो, आणि दूध घातल्यावर चहा राखाडी दिसतो. असं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर लोहाचा बराच भाग तांबड्या गाळाच्या रूपात खाली बसतो. लोखंडी कढईत किंवा बिडाच्या भांड्यात चहा का मांडू नये, त्याचंही कारण हेच.

आता पत्ती. विदर्भात चहा पिकत नाही आणि पिकणारही नाही. चहाच्या झाडाला साडेचार ते साडेपाच सामूची (पीएचची) आम्ल जमीन आणि वर्षभर वाटून पडणारा पाऊस लागतो. आपल्या काळ्या मातीचा सामू साडेसातच्या वर आणि पाऊस चार महिन्यांत संपणारा. मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कॉफी होते, तेवढंच. त्यामुळे आपल्या डब्यातली पत्ती बहुतेक आसाम, उत्तर बंगालातलं दुआर्स किंवा निलगिरीकडची असते, आणि ती जवळजवळ सगळी सीटीसी पद्धतीची. पान दातेरी रुळांतून चिरडायचं, फाडायचं, वळवायचं. ही यंत्ररीत आसामातल्या अमगुरी मळ्यात १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी काढली. पान फाटल्यामुळे त्यातला रस हवेशी लवकर मिळतो, रंग पटकन सुटतो आणि दुधापुढे टिकतो. दुधाचा चहा पिणाऱ्या देशाला ही पत्ती मानवली यात नवल नाही.

सीटीसीतही दाणा आणि भुकटी यांत मोठं अंतर आहे. जाड दाणेदार पत्ती, जिला बरेच जण ममरी म्हणतात, सावकाश सुटते. तिला तीन ते चार मिनिटं उकळी लागते आणि चव गोलाकार, थोडी माल्टसारखी येते. डस्ट म्हणजे भुकटी एका मिनिटात रंग देते आणि दोन मिनिटांनंतर कडवटपणा सोडू लागते. ठेल्यावर भुकटी चालते, कारण तिथे गिऱ्हाईक उभं असतं आणि किलोमागे कप जास्त निघतात. घरी मात्र लोक भुकटी आणतात आणि दाण्याइतकी उकळतात. "हा पुडा कडू निघाला" ही तक्रार तिथून येते. पुडा कडू नसतो, वेळ जास्त झालेला असतो. घरच्यासाठी मी तीन भाग दाणा आणि एक भाग भुकटी असं मिश्रण सुचवेन. भुकटीनं रंग, दाण्यानं चव. चमच्याचाही हिशेब वेगळा: सपाट चहाचा चमचा दाणेदार पत्ती साधारण दोन ते अडीच ग्रॅम भरते, तोच चमचा भुकटीचा तीन ग्रॅमच्या आसपास जातो. पत्ती बदलली आणि चमचा तोच ठेवला तर चहा बदलणारच.

आसामात मे-जूनमध्ये निघणारी दुसऱ्या फुटीची पत्ती सर्वांत भरदार असते. पावसाळ्यात पान भराभर वाढतं, माल पुष्कळ निघतो आणि चव पातळ होते. निलगिरीची पत्ती सुगंधाला उजवी, पण म्हशीच्या दुधात तिचा सुगंध दबतो. ज्यांना दूध कमी आणि वास जास्त हवा त्यांनी ती घ्यावी.

आठवडी बाजारातून सुटी पत्ती घेताना दोन परीक्षा जागच्या जागी होतात. पांढरा टीपकागद किंवा जाडसर पांढरा कागद ओला करून त्यावर चिमूटभर पत्ती पसरायची. लगेच पिवळे, केशरी किंवा लाल ओघळ फुटले तर रंग लावलेला आहे. चांगली पत्ती थंड पाण्यात रंग सोडायला वेळ घेते. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. पत्तीवरून फिरवला आणि त्याला कीस चिकटला तर तो माल घेऊ नये. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विकली जाते; तिचा दाणा हातात घेतला तर हलका, भुसभुशीत लागतो आणि वास जवळजवळ नसतो. घरी आणल्यावर पत्ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. चहा वास फार लवकर ओढतो. मसाल्याच्या फळीवर, उदबत्तीजवळ किंवा रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलेली पत्ती महिनाभरात त्याच वासाची होते. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा घालणं हा पत्ती मारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग.

दुधाकडे वळू. नागपुरी म्हैस, जिला अचलपूरच्या जुन्या नावावरून एलिचपुरीही म्हणतात, आणि पूर्णाकाठची पूर्णाथडी, या दोन्ही आपल्या भागातल्या. म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असतो. वर्धेकडच्या गवळाऊ गाईचं दूध साधारण चार-साडेचार टक्क्यांचं. एकाच मापानं दोन्ही दुधांचा चहा केला तर एक जड होईल आणि एक पातळ. म्हशीच्या दुधाला दोन भाग पाणी एक भाग दूध पुरतं. गाईच्या दुधाला अर्धंअर्धं धरावं, फार तर तीन भाग पाण्याला दोन भाग दूध. शेळीचं दूध उकळीला नाजूक असतं. ते शेवटी घालून एकदाच वर येऊ द्यावं आणि उतरवावं. जास्त उकळलं तर फुटतं आणि त्याचा उग्र वासही वर येतो.

चार कपांचं, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या चार कपांचं, माप असं. पाणी ३०० मिलिलिटर, म्हशीचं दूध १५० मिलिलिटर, दाणेदार पत्ती साडेतीन ते चार सपाट चमचे, साखर सहा चमचे. गोड खाणारं घर असेल तर आठ. पन्नासेक मिलिलिटर उकळताना आणि गाळणीत जातं. पाणी, साखर आणि कुटलेलं अद्रक एकत्र चढवायचं. खळखळ उकळी आली की दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग पत्ती. आच मध्यम करून दोन मिनिटं. मग तापवलेलं दूध. दोनदा वर येऊ द्यायचं, म्हणजे साधारण दीड-दोन मिनिटं, आणि उतरवून एक मिनिट झाकून मग गाळायचं. झाकून ठेवण्याचं ते एक मिनिट बहुतेक घरांत वगळलं जातं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पत्ती तळाला बसते, आच नसल्यामुळे कडवटपणा वाढत नाही आणि वास गंजातच राहतो.

दूध आधी की पत्ती आधी, यावर घराघरांत मतं आहेत. पत्ती पाण्यातच आधी सुटावी. दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून तर दुधाचा चहा तुरट लागत नाही. पण पत्ती सरळ दुधात पडली तर ती पुरती सुटतच नाही, मग दीडपट पत्ती टाकावी लागते आणि दूध बुडाला लागतं ते वेगळंच. पाहुण्यासाठी नुसत्या दुधाचा चहा करणं ही आपल्याकडे मानाची गोष्ट आहे आणि त्यामागच्या प्रेमाला मी हात जोडते. तरीही चव म्हणून विचाराल तर तो चहाचा वास लागलेल्या बासुंदीकडे झुकतो. थंड दूध उकळत्या चहात ओतलं की आच मोडते, पुन्हा उकळी येईपर्यंत पत्ती जास्त वेळ शिजते. म्हणून दूध तापवलेलं घ्यायचं. साखर आधी की नंतर यानं चवीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आधी घातली तर चमचा ढवळायचं काम वाचतं, नंतर घातली तर बिनसाखरेचा कप आधी काढता येतो. ज्या घरात कुणाला साखर वर्ज्य आहे तिथे नंतरच बरी.

अद्रकाचा चहा फाटतो त्याचं कारण पुष्कळांना माहीत नसतं, आणि दोष बिचाऱ्या दूधवाल्याच्या माथी जातो. ताज्या अद्रकात झिंजिबेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. ६० अंशांच्या आसपास ते सर्वांत जोरात काम करतं आणि दूध फोडतं. चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात याच गुणावर अद्रकाच्या रसानं गोड दही जमवतात. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत हे विकर निकामी होतं. म्हणून अद्रक दुधाच्या आधी, पाण्यात, आणि खळखळ उकळीत. चार कपांना अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं कमी, दहा-बारा ग्रॅम, पुरे. किसलं तर रस लवकर सुटतो आणि चव बोचरी येते. ठेचलं तर चव सावकाश आणि भरीव. वरून शेवटी किसलेलं अद्रक टाकून "ताजा वास" आणायचा प्रयत्न करू नये, तिथेच चहा फाटतो. सुंठेची तऱ्हा निराळी. वाळताना अद्रकातल्या जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगाओल होतं आणि ते अधिक जहाल असतं. चार कपांना पाव चमचा सुंठ रगड होते. पौष-माघात सुंठ, श्रावण-भादव्यात ओलं अद्रक, आणि वैशाखात दोन्ही नको, असं माझं मत.

गुळाच्या चहाचं फाटणं वेगळं. गुळात थोडी आम्लता असते, क्षारही असतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८. दूध गरम असताना थोड्याशा आम्लानंही त्यातलं प्रथिन साकळतं. थंड असताना जे पचलं असतं ते उकळीत पचत नाही. सकाळचं दूध दुपारी उन्हाळ्यात आधीच थोडं आंबट झालेलं असतं, त्यावर गूळ म्हणजे नासायचंच. खात्रीची रीत एकच. पाणी, पत्ती, अद्रक आणि गूळ यांचा कोरा अर्क उकळून गाळून घ्यायचा, दूध वेगळं उकळायचं आणि कपात दोन्ही एकत्र करायचे. चार कपांना ३५ ते ४० ग्रॅम गूळ. दुसरी रीत चहा उतरवल्यावर एक मिनिटानं गूळ फोडून टाकण्याची. चालते, पण त्यानंतर तो गंज पुन्हा आचेवर ठेवायचा नाही. गूळ पिवळाधमक असेल तर तो रंग पुष्कळदा हायड्रोस नावाचं रसायन मारून आणलेला असतो. चॉकलेटी, किंचित ओलसर आणि फोडल्यावर खडेदार निघणारा गूळ चहाला चांगला. शंका असेल त्या दिवशी डावभर दूध वाटीत घेऊन त्यात गुळाचा खडा टाकून गरम करून बघावं. डावभर दूध गेलं तरी गंजभर चहा वाचतो.

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला गवती चहा विदर्भातल्या कितीतरी परसांत आहे. अद्रकाला उकळी लागते, याला ती सोसत नाही. याचा वास सिट्रल या उडून जाणाऱ्या द्रव्याचा. पाच मिनिटं उकळलात तर वास घरभर जातो आणि कपात गवताची चव राहते. चार कपांना दीड वीत लांबीची दोन-तीन पाती, गाठ मारून, दुधाच्या दुसऱ्या उकळीला टाकायची आणि लगेच झाकण. पात सुरीनं किंवा कात्रीनं कापावी, हातानं ओढली तर बोट चिरतं. बुडाचा पांढरा भाग जास्त सुगंधी असतो, तो ठेचून घातला तर पात एक कमी चालते. विलायचीही शेवटीच, सालीसकट ठेचून, चार कपांना दोन. लवंग आणि दालचिनी मात्र पाण्यात आधी, कारण त्यांचा अर्क वाळलेल्या कठीण कळीतून आणि सालीतून निघायचा असतो. एकाच चहात गवती चहा आणि विलायची दोन्ही टाकू नयेत. दोघांचेही वास वरचे, एक दुसऱ्याला पुसून टाकतो.

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे संत्र्याचा हंगाम असला की सालीचा ढीग पडतो आणि उकिरड्यावर जातो. त्यातली थोडी चहाला राखावी. आंबिया बहाराच्या पिकल्या फळाची साल घ्यायची, आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाकायचा, कारण कडू तोच असतो, आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर तेल उडतं. कोऱ्या चहात रुपयाच्या नाण्याएवढा एक तुकडा, उतरवल्यावर. दुधाच्या चहात घालू नये. अंबाडीच्या लाल बोंडांचं पेयही चहासारखं करतात: पाच-सहा वाळलेल्या पाकळ्या, कपभर उकळतं पाणी, पाच मिनिटं, आणि गूळ. तो खरं तर चहा नव्हे, आंबट काढा आहे, आणि त्यात दूध घालायचा विचारही करू नये. पण चैत्रात गार करून प्यायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

गडचिरोली-गोंदियाकडच्या पुष्कळ घरांत रोजचा चहा कोराच असतो. दुधाचा अभाव म्हणून त्याकडे बघणाऱ्यांना त्याची चव कळलेली नाही. कोऱ्या चहात लपायला जागा नसते; पाणी, पत्ती आणि वेळ तिन्ही उघड्यावर येतात. २०० मिलिलिटर पाण्याला दाणेदार पत्ती एक सपाट चमचा. पाणी उकळलं की आच बंद, पत्ती टाकून दीड ते दोन मिनिटं झाकण, मग गाळणी. पत्ती उकळू द्यायची नाही. चुलीवर उकळतच ठेवायचा असेल तर पत्ती निम्मी करा आणि गूळ घाला, गुळाचा दाट गोडवा त्या कडवटपणाला पेलतो. मिठाची अगदी बारीक चिमूट कडूपणा दाबते. जिभेला खारट कळलं तर चिमूट मोठी झाली असं समजावं. लिंबू नेहमी गाळल्यानंतर, आणि जर्मनच्या गंजात कधीच नाही, कारण आंबटानं अ‍ॅल्युमिनियम चहात उतरतं.

कुणी भेट म्हणून दार्जिलिंगचा पुडा आणला तर तो म्हशीच्या दुधात खदखदवू नका. ते झुडूप चिनी जातीचं, पान लहान, सुगंध नाजूक. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेला पहिला माल दार्जिलिंग चहाच. अडीच ग्रॅम पान, २०० मिलिलिटर पाणी, उकळी बसल्यावर ओतायचं, तीन ते चार मिनिटं, दूध नाही. आसाम पिणाऱ्या जिभेला पहिल्या दिवशी ते गरम पाणी वाटेल. फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्यात केलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातला फुलांचा वास लागू लागतो. ग्रीन टीला तर उकळतं पाणीही नको. पाणी दोन थंड भांड्यांतून वर-खाली केलं की ते ८० अंशांच्या आसपास येतं, त्यात दोन मिनिटं पुरे. लोक तो उकळतात आणि मग औषधासारखा नाक धरून पितात.

चूल आणि भांडं यांचाही चवीत वाटा आहे. पऱ्हाटी आणि तुराट्यांचा जाळ भडकून उठतो आणि तितक्याच लवकर बसतो. पाणी उकळायला तो उत्तम, दूध पडल्यावर मात्र चहा उतू जाणार. म्हणून पाणी जाळावर उकळून, पत्ती पडली की गंज बाजूच्या इंगळांवर ओढावा. बाभळीचे इंगळ आच धरून ठेवतात. धुराचा वास काहींना प्रिय असतो, आणि मलाही तो कोऱ्या चहात आवडतो. दुधात मात्र तो करपल्यासारखा लागतो, तेव्हा झाकण ठेवावं. चहाचा गंज वेगळाच असावा. ज्यात सकाळी फोडणी झाली त्यात चहा मांडला तर हिंग आणि लसूण कपात येणारच.

तर्री पोह्यांबरोबरचा चहा दुधाळ, गोड आणि बिनअद्रकाचा हवा. तर्रीचा तिखटपणा गरम पाण्यानं आणखी पेटतो, दुधातलं केसिन तो उचलून नेतं. अद्रक घातलं तर एका जाळावर दुसरा. आलुबोंड्याबरोबर कडक चहा चालतो, कारण तेलकट तोंड तुरटपणानं साफ होतं.

आणि वावरात जाणारा चहा. निंदणाला, कापूस वेचणीला बसलेल्या माणसांना सकाळी आठला घरी केलेला चहा अकराला थर्मासमधून मिळतो. तोवर तो काळपट पडलेला असतो आणि उकळलेल्या दुधाचा शिळा वास त्याला येतो. आच नसली तरी थर्मासमध्ये चहा गरमच असतो, म्हणून त्यातली द्रव्यं बदलतच राहतात. दिवसभर वाकून काम करणाऱ्याला तो एक कप नीट मिळावा असं मनापासून वाटत असेल तर रीत बदलावी लागते. थर्मासमध्ये दुधाचा चहा भरायचाच नाही. कोरा, साखर घातलेला, दोनदा गाळलेला चहा भरायचा. पत्तीचा एक दाणाही आत राहिला तर तीन तास तो कडूपणा सोडत बसतो. नेहमीपेक्षा पत्ती दीडपट, कारण दूध नंतर पडणार. दूध दुसऱ्या लहान थर्मासमध्ये, घरून निघताना उकळून, काठोकाठ भरून. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं पाच मिनिटं तापवून घ्यायचा, नाहीतर पहिली गरमी काचच खाते. अद्रक कोऱ्यात उकळलेलं चालतं, विलायची नको, बंद भांड्यात तिचा वास उग्र होतो. धुऱ्यावर बसून कपात आधी चहा, मग दूध, रंग बघून. ज्याला कोरा हवा त्याला कोरा मिळतो, ज्याला दुधाळ हवा त्याला दुधाळ. घरी आल्यावर थर्मासमध्ये चमचाभर सोडा आणि गरम पाणी घालून तासभर ठेवायचं, बुचाची रबरी चकती काढून वेगळी धुवायची, आणि झाकण न लावता उपडा ठेवायचा.